मागणारा कोण, लिहून घेणारा कोण: पेण आणि रोहा या दोन खाडीबंदरांचं वाङ्मयीन वाचन

मागच्या काही व्याख्यानांत आपण ‘गाव आणि साहित्य’ या नात्याकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं. आज रायगड जिल्ह्यातली दोन गावं घेतली आहेत, पेण आणि रोहा. पेण म्हटलं की गणपती आठवतात आणि रोहा म्हटलं की धाटावची कारखान्यांची वसाहत किंवा कोकण रेल्वेची सुरुवात. साहित्याच्या नकाशावर ही नावं सहसा कुणी शोधत नाही. आम्ही ती शोधायचं ठरवलं, त्यामागचं कारण आधी सांगतो.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सेत नावाचं एक बंदर आहे. कवी पॉल व्हालेरी तिथे १८७१ साली जन्मला. समुद्राकडे तोंड करून असलेल्या तिथल्या टेकडीवरच्या दफनभूमीवर त्याने एक दीर्घ कविता लिहिली, ती १९२० साली प्रसिद्ध झाली. १९४५ मध्ये तो वारला तेव्हा त्याला त्याच दफनभूमीत पुरलं आणि गावाने त्या जागेचं जुनं नाव बदलून कवितेचं नाव तिला दिलं. म्हणजे बघा, आधी जागा होती, जागेवरून कविता झाली, आणि शेवटी कवितेवरून जागेचं नाव पडलं. आज लोक हातात कविता घेऊन तिथे जातात.

आपल्याकडे असं का होत नाही, हा तक्रारीचा सूर लावणं सोपं आहे. पण आम्हाला तो प्रश्न थोडा फिरवून विचारावासा वाटतो. आपल्या बंदरांतून जे साहित्य निघालं ते मुळात कोणत्या जातीचं आहे? त्याला फलक लावता येतो का? आणि फलक लावताना कोणाचं नाव सुटतं?

आता जरा भूगोल. पेण आणि रोहा ही समुद्रावरची बंदरं नाहीत, ती खाडीबंदरं. पेण भोगावती नदीवर आहे. ही नदी पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. पेणचा माल चढायचा-उतरायचा तो जवळच्या अंतोरा बंदरात, आणि तोही भरतीची वेळ साधून. रोहा कुंडलिकेवर. नदीच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी, म्हणून जुनं जोडनाव रोहा-अष्टमी. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे एका बाजूला रेवदंडा आणि चौल, दुसऱ्या बाजूला कोर्लईचा किल्ला. रशियन व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात, १४६९ च्या सुमारास, याच चौलला उतरला आणि तिथून जुन्नर-बिदरकडे गेला. त्याची प्रवासकथा रशियन साहित्यातलं महत्त्वाचं पुस्तक मानली जाते. म्हणजे नदीच्या मुखाशी जगाचं साहित्य येऊन धडकलेलं होतं.

आणि ते मुखाशीच थांबलं नाही. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेला. तो मुंबईहून चौलला आला, चौलहून नदीमार्गे अष्टमीला, आणि तिथून जमिनीवरून निजामपूरमार्गे गडाकडे. हा वृत्तान्त जॉन फ्रायरच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासग्रंथात आहे आणि त्यात अष्टमीचं नाव ‘एस्थेमी’ असं पडलं आहे. राज्याभिषेकाच्या वर्णनासाठी हे पान सगळे उघडतात. त्या पानाच्या आधी होडी अष्टमीला लागते, तिकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. छापील इंग्रजीतला या बंदराचा हा फार जुना उल्लेख, आणि तो सुद्धा वाटेतला मुक्काम म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा. बंदर साहित्यात येतं ते बहुतेक वेळा वाटेतलं ठिकाण म्हणूनच.

आता पहिला मुख्य ग्रंथ. पेण तालुक्यात वरसई नावाचं गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे, म्हणजे आपले गोडसे भटजी. घरात कर्ज, पौरोहित्यावर भागेना. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा चांगली मिळणार असं कळल्यावर भटजी काकांना बरोबर घेऊन १८५७ साली उत्तरेकडे निघाले. आणि वाटेत बंड! महू, उज्जैन, ग्वाल्हेर करत ते झाशीत पोचले. १८५८ च्या वेढ्यात ते शहराच्या आत होते. नंतरची कत्तल आणि लूट त्यांनी पाहिली, मिळवलेलं द्रव्य वाटेत गमावलं, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं.

‘माझा प्रवास’ हे पुस्तक आपण बहुतेक इतिहासाचं साधन म्हणून वाचतो. राणीची दिनचर्या कशी होती, वेढा कसा पडला वगैरे. आमचं म्हणणं असं की त्याची खरी ताकद नजरेत आहे, आणि ती नजर वरसईच्या भिक्षुकाची आहे. कुठे दक्षिणा किती मिळाली, पंगतीत काय वाढलं, कोणत्या गावी स्नानसंध्येची सोय होती, हे सगळं तो टिपतो. त्याच सुरात तो तोफांबद्दल आणि रस्त्यावर पडलेल्या प्रेतांबद्दल सांगतो. सूर चढत नाही. झाशीच्या संस्थानाचा ग्रंथसंग्रह लुटीत कसा नासला हे सांगताना मात्र त्याला होणारं दुःख वेगळं आहे. सोनं गेलं त्याहून पोथ्या गेल्या हे त्याला जास्त लागतं. आणि झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्याला राणी भेटते, ओंजळीने पाणी पिते. या प्रसंगावर पुढे किती नाटकं, किती कादंबऱ्या उभ्या राहिल्या! मूळ मजकुरात तो किती थोडक्यात येतो ते मुद्दाम पाहा.

आता हे पुस्तक झालं कसं? भटजी घरी आले, वर्षं गेली. १८८३ च्या सुमारास चिंतामणराव वैद्यांनी, म्हणजे भारताचार्य वैद्यांनी, त्यांना हा वृत्तान्त लिहायला सांगितलं. गोडसे हे वैद्यांच्या घरचे उपाध्याय. भटजींनी लिहिलं, पण सरकारची भीती होती. म्हणून वैद्यांनी ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ साली छापलं, आणि छापताना भाषा दुरुस्त केली, काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात होतं. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ पाठ प्रसिद्ध केला. म्हणजे साठ वर्षं मराठी वाचक जो गोडसे वाचत होता तो अर्धा गोडसे आणि अर्धा वैद्य होता.

इथे वैद्यांवर टीका करणं सोपं आहे. पण वैद्यांनी मागितलं नसतं तर काही उरलंच नसतं, हेही खरं. बोलणारा, मागणारा आणि छापणारा, या तिघांची ही साखळी आहे. ती आज पुन्हा पुन्हा येणार आहे.

योगायोग असा की १८८३ सालीच मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुलाबा जिल्ह्याचा खंड निघाला. सरकार भात, मीठ, गलबतं आणि बंदरांवरची आवक-जावक मोजत होतं. त्याच सुमारास त्याच जिल्ह्यातला एक म्हातारा भिक्षुक पंचवीस वर्षांपूर्वीची आठवण कागदावर उतरवत होता. जिल्ह्याची ही दोन चरित्रं शेजारी ठेवून वाचावीत अशी आमची शिफारस आहे.

दुसरं गाव गागोदे, तेही पेण तालुक्यातलं. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा इथे जन्मले, बालपण इथे गेलं, मग कुटुंब बडोद्याला गेलं. विनोबांच्या आईला संस्कृत येत नव्हतं, तिला गीता समजेल अशी मराठीत हवी होती. होती ती मराठी भाषांतरं तिला जड जात. तूच का करत नाहीस, असं तिने मुलाला म्हटलं. आई १९१८ साली गेली. गीताई लिहिली गेली १९३०-३१ मध्ये आणि प्रसिद्ध झाली १९३२ मध्ये. इथेही मागणारं कुणीतरी आहे. वैद्यांसारखा पदवीधर मागणारा नाही, घरातली बाई मागणारी आहे. आणि मागणी पुरी होईतो ती राहिली नाही.

टीकाकार म्हणून गीताईबद्दल एक मुद्दा मांडतो. ती समश्लोकी आहे, मुळाच्या छंदाला धरून आहे, आणि तरीही शब्द स्वयंपाकघरात चालतील असे आहेत. हे जमणं अवघड असतं. मराठीत गीतेवर ज्ञानेश्वरीएवढा मोठा ग्रंथ असताना दुसऱ्याने काय करावं? विनोबांनी विस्तार केला नाही. त्यांनी छाटलं. म्हणणाऱ्याचा श्वास पुरेल एवढीच ओळ ठेवली. गीताई ही डोळ्याने वाचण्यापेक्षा तोंडाने म्हणण्यासाठी केलेली आहे.

त्याच १९३२ साली, फेब्रुवारी ते जून, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी राजबंद्यांसमोर गीतेवर अठरा प्रवचनं दिली. ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक म्हणजे बरं का, आपण आत्ता जे करतो आहोत त्याचा मराठीतला मोठा नमुना: बोललेलं व्याख्यान, दुसऱ्याच्या हाताने लिहिलेलं. त्यात घरातले, शेतातले दाखले येतात, वाक्यं छोटी आहेत, मध्येच प्रश्न आहे, मध्येच उत्तर आहे. साने गुरुजी स्वतः दापोलीकडच्या पालगडचे, म्हणजे कोकणचेच. बोलण्याचा तो ठेका त्यांच्या कानाला परका नसणार. चांगला लेखनिक शब्द उतरवतोच, पण श्वासही उतरवतो.

आता रोहा. चिंतामणराव देशमुख, सी. डी. देशमुख. जन्म १८९६ सालचा, महाडजवळच्या नाते गावचा. वडील रोह्याला वकिली करत, आणि चिंतामणरावांचं लहानपण रोह्यात गेलं. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि त्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. हा माणूस संस्कृतात कविता करत असे. कालिदासाच्या मेघदूताचं त्याने मराठी पद्य भाषांतर केलं.

मेघदूताची मराठीत एक वाटच आहे: कृष्णशास्त्री चिपळूणकर, कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके. त्या रांगेत देशमुखांचं नाव क्वचित घेतलं जातं. अर्थमंत्र्याची हौस म्हणून ते बाजूला ठेवतात. आमच्या मते हे बरोबर नाही, पण त्यांना उगाच वर चढवावं असंही आम्हाला वाटत नाही. आम्हाला वेगळी गोष्ट दिसते. मेघदूत ही मुळात निरोप पोचवण्याची कविता आहे. एक जण अडकून पडलेला, दुसरा जाणारा, आणि जाणाऱ्याला वाट समजावून सांगणं. ही खाडीबंदराची रोजची गोष्ट आहे. मुंबईला निघालेल्या माणसाजवळ निरोप द्यायचा, हे कोकणातलं जगणं. कालिदासाचा ढग मात्र कोकणातला नाही. तो रामगिरीहून उज्जयिनीकडे वळसा घालत, नद्यांवर थांबत जातो. आपल्याकडचा पाऊस असा रमतगमत येत नाही, तो समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीवर आदळतो. रोह्यात पावसाळे पाहिलेल्या माणसाने हा सावकाश ढग मराठीत आणला, यात आम्हाला रस आहे. रोह्यात होते म्हणून मेघदूत केलं, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. असली कार्यकारणं जोडली की टीका संपते आणि पर्यटनपत्रिका सुरू होते.

चौथं नाव पांडुरंगशास्त्री आठवले, जन्म १९ ऑक्टोबर १९२०, रोहा. मुंबईत माधवबागेच्या पाठशाळेत त्यांची प्रवचनं वर्षानुवर्षं चालली. पंथ, कार्य, संघटना हा आजचा विषय नाही. आम्ही फक्त वाङ्मयप्रकार म्हणून पाहतो. पुन्हा तेच: बोललेलं गद्य, आणि ते टिपून ठेवणारे श्रोते. विद्यापीठातल्या मराठी अभ्यासक्रमात ‘प्रवचन’ हा प्रकार संतसाहित्यापाशी संपतो. विसाव्या शतकातल्या प्रवचनाच्या गद्याचा अभ्यास फारसा होत नाही. व्हायला हवा, पटो वा न पटो.

एक गंमत सांगतो. विनोबा, देशमुख आणि आठवले या तिघांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९५८, १९५९ आणि १९९६. दोन शेजारच्या तालुक्यांशी नातं असलेली तीन माणसं! फलक लावायला यापेक्षा जास्त काय पाहिजे?

आणि इथेच आम्ही थांबतो. कारण आत्तापर्यंत घेतलेली नावं पुन्हा मोजा. वेदपाठी घरातले, इनामदार-वकिलांच्या घरातले, शास्त्र्यांच्या घरातले. सगळ्यांकडे संस्कृत आहे. सगळ्यांनी दुसरीकडचं काहीतरी मराठीत आणलं: गंगेचं पाणी म्हणा, गीता म्हणा, मेघदूत म्हणा. पण बंदरावर माल प्रत्यक्ष कोण उतरवत होतं? मचव्यावरचे तांडेल आणि खलाशी, मिठागरात उन्हात राबणारे, खारेपाटात समुद्राला बांध घालून भाताची जमीन करणारे आगरी, कोळी, कुणबी. भरती कधी आहे हे ज्यांना माहीत होतं, त्यांच्यावाचून अंतोरा आणि अष्टमी ही बंदरं झालीच नसती. त्यांचं साहित्य कुठे आहे?

आहे. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते. हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं, भटजींच्या मंत्रांइतकंच तिचं गाणं लागतं. मराठी साहित्याचा इतिहास उघडला की पहिल्या कवयित्रीचं, महदंबेचं नाव येतं आणि तिच्या रचनेचं नाव ‘धवळे’, तेही लग्नाचंच गाणं, रुक्मिणीच्या लग्नाचं. तेराव्या शतकातला शब्द खारेपाटात अजून तोंडात आहे. महदंबेचे धवळे आपण एम. ए. ला अभ्यासतो. धवलारणीचे धवले मांडवात राहतात. काही अभ्यासकांनी संग्रह केले आहेत, त्यांचं काम मोलाचं आहे. पण गोडसे भटजींना वैद्य मिळाले, विनोबांना साने गुरुजी मिळाले, तसा घरोघरच्या धवलारणीला लेखनिक मिळाला नाही. आता लग्नं सभागृहात आणि डीजेवर आली आहेत. गाणारी थकली की तिच्याबरोबर पाठांतर जातं. झाशीच्या पोथ्या नासल्या म्हणून गोडसे भटजी हळहळले, तशीच ही हानी आहे. फक्त इथे धूर दिसत नाही.

हे खाडीच्या बाबतीतही खरं आहे. कुंडलिका रोह्यात बारमाही वाहते, त्यात भिऱ्याच्या वीजगृहातून येणारं मुळशी धरणाचं पाणी आहे. त्या धरणासाठी घाटावरच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. धरमतरच्या खाडीत आजही जहाजं येतात, डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी. माणसं आणि निरोप वाहणारी बंदरं मात्र गाळाने आणि रस्त्याने संपवली. वरसईच्या बाजूला बाळगंगा धरणाचा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळतो आहे. अशा प्रदेशात ‘वाङ्मयीन स्थळ’ म्हणजे नेमकं काय जपायचं? जन्मघराच्या भिंती जपा, आमची हरकत नाही. पण सेतमध्ये दफनभूमी टिकली म्हणून कविता टिकली नाही. लोक ती वाचत राहिले, म्हणून जागेला अर्थ राहिला.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पेण-रोह्याला जायचं तर ‘माझा प्रवास’चा १९६६ चा पाठ वाचून वरसईला जा आणि १९०७ च्या आवृत्तीशी ताडून पाहा. गागोद्याला गीताई मोठ्याने म्हणा. अष्टमीच्या काठावर ऑक्झिंडेनचं पान उघडा. आणि खारेपाटातल्या एखाद्या घरात, आजीची परवानगी घेऊन, धवले तिच्याच बोलीत उतरवून घ्या. शब्द दुरुस्त करू नका. वैद्यांनी केलेली दुरुस्ती काढायला साठ वर्षं लागली होती.

एका श्रोत्यांनी विचारलं आहे की, लिहून काढल्यावर धवला मरत नाही का, तो गाण्यातच जिवंत ना? प्रश्न रास्त आहे. लिहिलेला धवला म्हणजे गायलेला धवला नव्हेच. पण ‘गीता प्रवचने’ वाचताना आपल्याला धुळ्याचा रविवार पूर्ण मिळत नाही, तरी काहीतरी मिळतंच ना? चाल ध्वनिमुद्रित करा, शब्द लिहा, आणि कोणत्या विधीला कोण गातं तेही लिहा. गाणारीचं नाव तिच्या संमतीने पहिल्या पानावर घाला.

दुसरा प्रश्न असा आला आहे की ही चार मोठी माणसं तुम्ही लहान करता आहात का. नाही. गोडसे भटजी मागितल्यावर लिहिते झाले, विनोबा मागितल्यावर. मागणी करणारं कुणी असलं की माणूस किती मोठं काही देऊन जातो, हे या दोघांनी दाखवलं. आता मागणी आपण करायची आहे, आणि कोणाकडे करायची एवढंच ठरवायचं आहे.